काच साफ झाली

आमच्या गावात थंड पेटी आली तेव्हा तिच्यात पहिल्यांदा झोपून पाहिलं ते माझ्या बानं. तेही जिवंतपणी. वैशाखाचं ऊन होतं. मेंढरं लिंबाखाली एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी होती. गावातल्या पोरांनी टेम्पोतून पेटी उतरवली होती आणि समाजमंदिरात ती चालू करून पाहत होती. मढं ठेवायची पेटी. वरून काच, पायथ्याशी मोटार. बा आला, त्यानं आत हात घालून पाहिला, आणि कुणी काही म्हणायच्या आत पटका काढून आत आडवा झाला.

"काका, उठा! अभद्र हाय ते!" पोरं ओरडली.

"थांब रे जराशीक," बा आतून म्हणाला. "लय गार लागून राहिलं. मेल्याबिगर एसी भेटते काय आपल्याला? आज फुकट भेटला तं घिऊ दे."

पोरं हसून लोटपोट झाली. मायला हे कुणीतरी जाऊन सांगितलं. त्या रात्री तिनं बाला भाकर वाढली नाही; ताट पुढं सरकवलं आणि पाठ करून बसली. "आपल्या पायानं गेलास ना तिथं," एवढंच बोलली.

मी तेव्हा सुट्टीवर आलेलो होतो. पेटी गावानं वर्गणी करून घेतली, ती आमच्यासारख्यांसाठीच. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आजूबाजूच्या आमच्या वाड्यावस्त्यांतली निम्मी पोरं आता बाहेर असतात. कुणी सुरतेला, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. आमच्या शेजारची म्हातारी ऐन उन्हाळ्यात गेली, तेव्हा तिचा पोरगा सुरतेहून निघाला होता. लोकांनी लिंबाचा पाला घातला, गोरेगावातून बर्फाच्या लाद्या आणल्या, पण वैशाखात मढं थांबत नाही. पोरगा आला तेव्हा राख राहिली होती. तो राखेजवळ बसून म्हणाला, "घंटाभर तरी थांबायचं होतं ना रे." ते ऐकणाऱ्यांना फार लागलं. त्यातून ही पेटी आली. दुसऱ्या गावानं वापरलेली, जुनी होती. मी मागची पाटी वाचली. गारवा करणारा बावीस नंबरचा गॅस.

हा गॅस आता बंद होणारा आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं. माझं कामच ते.

मी आठवीतून शाळा सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा सुटली. बा मेंढरं घेऊन पायी लांब जायचा, त्याच्यामागं कुणीतरी लागायचं. पुढं धाकटा भाऊ मेंढरांमागं जाण्याएवढा झाला, तेव्हा बानं मला हिंगोलीला एका फ्रीज दुरुस्तीवाल्याच्या हाती दिलं. आम्ही त्यांना उस्तादच म्हणायचो. त्यांनी मला ठोकून ठोकून काम शिकवलं आणि आपल्या घरातलं जेवण खाऊ घातलं. ईदला मला नवा शर्ट असायचा, दिवाळीलाही. त्या माणसाचं माझ्यावर काय आहे, हे मी कोणत्या मापानं मोजू?

त्या काळी गॅसचं काही वाटायचं नाही. फ्रीज दुरुस्तीला आला की नळी कापायची. फुस्स करून सगळा गॅस हवेत. आम्ही पोरं त्या फवाऱ्याखाली हात धरायचो. बोटं बधिर व्हायची, मग ती एकमेकांच्या मानेला लावायची.

पुढं कायदा आला म्हणून कानावर यायला लागलं. एक गॅस बंद झाला, तो मिळेचना. त्याच्या जागी दुसरा आला. मग कळलं की बावीस नंबरही हळूहळू बंद करायचाय. नवी मशीन त्यावर बनवायची नाही, गॅस बाहेरून आणायचा तर परवाना, आणि आणायचा तो दरवेळी कमी कमी. त्याच्या जागी जे आले ते बावीस नंबरसारखं आभाळाच्या ओझोन थराला भोक पाडत नाहीत, पण हवा तापवतात. म्हणून उद्या त्यांचीही पाळी. सरकारनं दुरुस्तीवाल्यांसाठी फुकट प्रशिक्षण ठेवलं होतं. नांदेडला एकजण जात होता, त्याच्या नादानं मी गेलो. आठवी शिकलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून कुणी चहा देतं, शंका विचारली तर परत सांगतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. जाताना हातात कागद दिला. त्याच कागदावर मला विशाखापट्टणमला नोकरी लागली. मोठ्या हॉटेलांचे, दवाखान्यांचे एसी पाहायचे. तिथं गॅस हवेत सोडत नाहीत. मशीन लावून बाटलीत परत ओढून घेतात. मी त्या कायद्याच्या जिवावर जेवतो, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून कायद्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

बाला हे समजावून सांगायला मी एकदा बसलो होतो. मेंढरं बसवलेल्या शेतात, वाघुरीच्या जाळ्याबाहेर.

"आभाळात वर एक पापुद्रा असते बा. त्याच्यानं ऊन गाळून येते. ह्या गॅसनं त्याला भोक पडलं."

"घोंगडीला पडते तसं?"

"व्हय."

"मंग शिवून कोन राहिलं?"

"कोनी शिवत न्हाई. गॅस सोडनं बंद केलं का आपोआप भरून येते म्हनतेत."

बानं बराच वेळ वर पाहिलं. मग म्हणाला, "घोंगडीचं बी तसंच राह्यलं असतं तं लय बरं झालं असतं." आणि माझ्याकडं वळून, "म्हंजे तू आभाळाचा शिंपी व्हय रे? आन् घरची घोंगडी बघ, निस्ती चाळन झाली." पुढं कुणी विचारलं, पोरगं काय करते, तर तो सांगायचा, "आभाळ शिवते तिकडं, समुद्राकाठी." लोकांना वाटायचं म्हातारा भ्रमला.

दूर राहणाऱ्या माणसाला घरच्या फोनची भीती असते. माझी तर फारच. गावाकडून अवेळी फोन आला की मी आधी फोन खाली ठेवायचो, दोन्ही हात पँटला पुसायचो, मगच उचलायचो. सोबतची पोरं चिडवायची, "फोन में करंट है क्या?"

त्या दिवशी सकाळी मी एका हॉटेलच्या गच्चीवर होतो. जुना एसी उतरवत होतो, गॅस बाटलीत ओढून घ्यायचं काम चाललं होतं. धाकट्याचा फोन आला. मी हात पुसले.

"दादा," तो म्हणाला. पलीकडून आत्याचा, म्हणजे बाच्या बहिणीचा, रडण्याचा आवाज आला, आणि मला विचारायचं काही राहिलं नाही. बा पहाटे मेंढरं सोडायला उठला होता, वाघुर गुंडाळता गुंडाळता खाली बसला आणि उठलाच नाही.

"तू निघ," धाकटा शेवटी म्हणाला. "पेटी आनली. बाला ठुलं तिच्यात. मस्त गार झाली. तू येवोस्तोर हालवत न्हाई त्याला, तू आरामात ये, घाबरू नको."

मी थोरला. आमच्याकडं बापाला पाणी थोरल्यानं पाजायचं, मडकं थोरल्यानं धरायचं. पण त्या घडीला मला मडकं आठवलं नाही. एकदा तोंड पाहायला मिळावं, एवढंच मनात होतं. गेल्या खेपेला निघताना बा मेंढरांमागं होता. लांबूनच त्यानं काठी वर केली होती. तोंड दिसलं नव्हतं.

साहेबांनी लगेच सुट्टी दिली, स्टेशनापर्यंत गाडी दिली. दुपारची गाडी होती, दुसऱ्या दिवशी नांदेड. निघण्याआधी धाकट्यानं फोनवर पेटी दाखवली. आमचं घर, गर्दी, पेटीच्या डोक्याशी जमिनीवर पिठाच्या ढिगावर दिवा, उदबत्त्या. काचेवर वाफ धरलेली. आत पांढरं काहीतरी होतं, बस.

"काच पुसू का? बा दिसंल."

"नको," मी म्हणालो. "मी येऊनच राहिलो. येऊन पुसतो."

गाडी सुटायला वेळ होता. मी फलाटावर बसून होतो, पिशवी मांडीवर. एका घरच्या लोकांनी डबा उघडला होता, मला बोलावत होते, 'या' अशी खूण करत होते. मी मान हलवत होतो. तेवढ्यात परत धाकट्याचा फोन.

त्याचा आवाज या वेळी जरा मोकळा होता. "दादा, काच साफ झाली. आपोआप. बा साफ दिसून राहिला. झोपल्यावानीच दिसते रे. दाखवू का?"

काच आपोआप साफ होत नाही. पेटी गार असली की वाफ धरते. वाफ गेली म्हणजे गारवा गेला. आणि गारवा गेला म्हणजे गॅस गेला. कुठंतरी नळीतून सुटला.

"मोटार चालू हाय का?"

"चालू हाय की. घुरघुरून राहिली."

तितक्यात मागून आत्याचा आवाज आला. ती कुणा सुनेवर ओरडत होती: "अगं चूल बंद कर म्हनलं ना! सकाळधरून गॅसचा वास येऊन राहिला, घरात मढं हाय आन् तुमाला च्या सुचून राहिला!" आणि ती सून म्हणत होती, "आत्याबाई, देवाशप्पथ, चूल पेटलीच न्हाई आज. सिलिंडर बंद हाय."

मी फलाटावर उभा राहिलो. बावीस नंबरला वास नसतो.

"पेटीत गॅस कुनी भरला होता?"

"उस्तादनंच. मागच्या महिन्यात बंद पडली होती ना. काहून?"

"ऐक. आधी दिवा विझव."

तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुला समजून राहिलं का तू काय म्हनून राहिला? डोक्याशीचा दिवा हाय तो."

"विझव म्हनतो ना! उदबत्त्या बी. कोन्या बटनाला हात लावू नको, पेटीच्या बी न्हाई. सगळ्याईले बाहीर काढ. बाहीरच्या भिंतीवर मीटर हाय, तिथून लाईट तोड. पेटीत चुलीचा गॅस हाय. भडका होईल."

फोन चालूच राहिला. लोकांचा गलका ऐकू आला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दिवा विझवत असतेत काय? बापाची वाट अंधारात?" दुसरं कुणी, "शहरात जाऊन पोरगं बिघडलं." धाकटा काहीतरी सांगत होता, कुणी ऐकत नव्हतं. फलाटावर मी एकटाच ओरडत होतो, मराठीत, आणि डबा उघडून बसलेले ते लोक घास हातात धरून माझ्याकडं पाहत होते.

मग एकदम तिकडं शांत झालं. धाकट्यानं मागून सांगितलं ते असं: माय पेटीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं, कुणाला विचारलं नाही. पुढं सरकली आणि पेटलेली वात दोन बोटांच्या चिमटीत धरली. विझेपर्यंत धरून ठेवली. मग म्हणाली, "झालं. आता निघा सगळे बाहीर."

मी उस्तादांना फोन लावला. त्यांना बा गेल्याचं माहीत नव्हतं. आधी तेच सांगावं लागलं. मग विचारलं.

"बेटा," ते म्हणाले. "बाईस नंबर मिल्याच नहीं. एक बाटली मिली वो भी डुप्लिकेट निकली. गाववाले पीछे लगे थे, वैशाख है, उस्ताद, कोनी बी जाईल, करके द्या. मैंने छोटे सिलिंडर का डाल दिया. ठंडा बराबर करता वो." मग घाईघाईनं, "मैंने पेटीवर लिख्या था बेटा. खडूनं. दिवा लांब ठेवा करके."

ते खोटं बोलत नव्हते. पण आमच्याकडं मयत झाली की पेटी समाजमंदिरात परत ठेवण्याआधी लिंबाच्या पाण्यानं धुतात, आतून-बाहेरून, घासून. बाच्या आधी एक म्हातारा तिच्यात ठेवला होता. त्याच्यानंतर पोरांनी पेटी धुतली, खडूही धुतला गेला.

नियम बराबर आहे, हे मी आजही म्हणतो. पण तो दिल्लीहून निघाला तेव्हा विशाखापट्टणमला माझ्यापर्यंत यंत्र, कागद, शिकवणारा मास्तर, सगळं घेऊन पोहोचला. उस्तादांपर्यंत नुसती टंचाई पोहोचली.

धाकट्याचा परत फोन आला. पेटीची काच काढून, चौघांनी मिळून बाला अंगणात आणलं होतं, लिंबाखाली.

"गोरेगावला पोरं पाठवली बर्फाला," तो म्हणाला. "पन लग्नसराई हाय, सगळा बर्फ मंडपात गेला. सेनगावला मानूस पाठवतो. तू कवा पोचशील?"

मी वर पाहिलं. ऊन होतं तसंच होतं. इथं असं, तर तिकडं कसं असेल, हे मला सांगायची गरज नव्हती. धाकटाही जाणून होता. पण 'नेऊ का' हे शब्द तो मला विचारणार नव्हता. त्यानं सकाळी मला सांगितलं होतं, तू आरामात ये.

"नेऊन टाका," मी म्हणालो.

"दादा..."

"माझ्यासाठी थांबू नका. ऊन खाली व्हायच्या आत नेऊन टाका. मडकं तू धर."

तो रडला. लहानपणी मेंढरू हरवलं की रडायचा तसा, हुंदके देत. मग म्हणाला, "फोनवर तरी पाह्य. एकडाव. बाला आंघोळ घालून राहिलेत, मी फोन धरतो."

मला पाहायचं होतं. देवाशप्पथ पाहायचं होतं. पण मला दिसत होतं की एका हातात फोन धरून तो पाणी कसं पाजणार, मडकं कसं धरणार.

"नको," म्हणालो. "तुझे हात मोकळे ठेव."

गाडीत मी खिडकीशी बसलो. त्या डबेवाल्या लोकांची जागा माझ्या समोरच निघाली. त्यातल्या बाईनं काही न विचारता पानावर दही-भात वाढून माझ्या मांडीवर ठेवला. मी खाल्ला. कसा खाल्ला माहीत नाही. त्या बाईचं नाव, गाव काही मला ठाऊक नाही. तिचं भलं होवो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपनं उतरलो तेव्हा अंगणात लिंबाखालची जमीन सारवलेली होती. धाकट्याचं डोकं भादरलेलं. तो मला पाहून उठला आणि अपराध्यासारखा उभा राहिला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आत, पेटी होती त्या जागेवर, पिठावर दिवा परत लागला होता. बाला नेल्यावर पेटी बाहेर काढून, घर उघडं ठेवून, वास गेल्यावर, मायनंच तो लावला होता.

मायच्या अंगठ्याला आणि बोटाला फोड आले होते. मी हात धरायला गेलो तर तिनं पदराखाली घेतला. "काही न्हाई झालं," म्हणाली. "बा तुझा हसत होता बघ. काच साफ झाली तवा साफ दिसला मला." तिनं पाहिलं होतं एवढं तरी झालं.

संध्याकाळी उस्ताद आले, हिंगोलीहून. पोरांनी त्यांना वेशीतच गाठलं होतं. "आले बघा सिलिंडरवाले! सगळ्याईचा एकडावच अंत्यविधी लावत होते!" असलं काहीतरी ऐकवलं होतं. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत येईनात. मी जाऊन हाताला धरून आणलं, बाजेवर बसवलं. मायनं धाकट्याला सांगितलं, पाणी दे. उस्तादांनी तांब्या हातात घेतला आणि प्यायलेच नाहीत, तसेच धरून बसले.

"तेरे बापने तेरेकू मेरे हाथ में दिया था," एवढंच म्हणाले.

मला त्यांच्यावर रागावायचं होतं. गाडीत मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण तांब्या धरलेले ते हात. ह्याच हातांनी मला नळीला झाळ द्यायला शिकवलं.

उस्तादांनी आणि मी पेटी बैलगाडीत घालून मोकळ्या रानात नेली. आसपास विडी-काडी नाही, याची दोनदा खात्री केली. पायथ्याशी मोटारीजवळ सांधा ढिला झाला होता. गावोगावच्या हादऱ्यांनी झाला असेल. उरलेला गॅस मी नळी उघडून सोडून दिला. हा गॅस आभाळाचं काही बिघडवत नाही, त्याला कायद्याची आडकाठी नाही. वर्षानुवर्षांनी मी परत तो फुस्स आवाज ऐकला. उस्तादांनी सवयीनं हात पुढं केला आणि परत मागं घेतला.

"आता पुढच्याचं कसं?" त्यांनी विचारलं. "भरायचं काय हिच्यात?"

पेटी रिकामी करून आम्ही परत समाजमंदिरात ठेवली. योग्य गॅसवर चालेल अशी मोटार बसवून देतो, असं मी गावाला कबूल केलं आहे, सामान जमवतो आहे. उस्तादांना मी सोबत विशाखापट्टणमला चला म्हणालो, तिथं शिकवतात. ते हसले. "इस उमर में?" मग म्हणाले, बघू.

दहावं-तेरावं झाल्यावर मी निघालो. निघायच्या सकाळी माय चुलीपाशी भाकरी थापत होती. दोन बोटं उचलून, उरलेल्या बोटांनी. भाकर वाकडी होत होती. मी म्हणालो, राहू दे माय, गाडीत मिळते जेवण. ती थापतच राहिली.

"लेकरा," तिनं वर न पाहता म्हटलं, "माझ्या बखताला पेटी-बिटी नको. मी जिती असताना ये. तोंड पाहून जा. मंग मागं काही बी करा."

"येतो की माय."

"कवा?"

मला तारीख माहीत नव्हती. तिनं भाकर उलटली, भाजलेलं बोट तोंडात धरलं, आणि दुसरी थापायला घेतली.